तात्पुरतं माझं नाव

आग लागली तर अग्निशमन दलाला फोन कोणी करायचा, या प्रश्नावर आमच्या हॉस्पिटलात एकदा पाऊण तास चर्चा झाली. फोन कुठून करायचा, मोबाइलवरून की लँडलाइनवरून, लागला नाही तर काय, यावर प्रत्येकाला मत होतं. फक्त 'कोणी' म्हटलं की सगळे समोरच्या बिस्किटांकडे बघायला लागायचे. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, "तात्पुरतं तुमचं नाव टाका हो. नंतर बदलू."

मी टाकलं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

हॉस्पिटल सिंहगड रोडला, धायरी फाट्याच्या अलीकडे. फार मोठं नाही, फार लहानही नाही. मी तिथे वीस-बावीस वर्षं नर्सिंग केलं आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर मला वॉर्डातून उचलून क्वालिटी विभागात बसवलं. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि एक फोन. मानांकनाची तपासणी जवळ आली होती आणि तपासणीला आपत्कालीन योजना लागते. आग, भूकंप, वीज जाणं, ऑक्सिजन संपणं, मोठा अपघात होऊन एकदम खूप जखमी येणं. अशा वेळी कोण काय करील हे आधीच लिहून, शिकवून, एकदा करून दाखवायचं. ती तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मला खरंच आनंद झाला होता. वाटलं होतं, चला, उपयोगाचं काहीतरी.

पण योजनेत प्रत्येक कामापुढे एक माणूस लागतो आणि माणूस काही मिळेना. मेट्रन बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या मुलाची यंदा दहावी आहे, मला यात धरू नका." दहावीचा आणि आगीचा संबंध मी विचारला नाही. सिक्युरिटीचे प्रमुख म्हणाले, त्यांची एजन्सी बदलणार असं कानावर आलंय. एचआरमधला तरुण म्हणाला, "मॅम, ॲक्च्युअली माझा नोटिस पीरियड सुरू आहे, सो इट्स नॉट फेअर टु द प्लॅन." स्टोअरवाल्यांनी तर मला कोपरापासून नमस्कार केला. "तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार आहे? आपणच." पुण्यात माणूस तुम्हाला 'आपण' म्हणून कौतुक करायला लागला की समजावं, काम गळ्यात पडलं.

असं करत करत वीज गेली तर समन्वयक मी, आग लागली तर मी, रुग्ण खाली हलवायचे तर मी, पत्रकार आले तर त्यांच्याशी बोलायलाही मीच. सगळीकडे तात्पुरतं. माझ्या गळ्यात एक नवीन ओळखपत्र आलं, केशरी पट्टीचं. त्यावर माझा फोटो आणि खाली ठळक अक्षरात 'समन्वयक'. फोटोत मी हसते आहे. कशाला हसले होते कुणास ठाऊक.

नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला. आम्ही अजून खडकीतच राहतो. त्याने एकदा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे भोंगा वाजला की सगळे तुझ्याकडे पळणार. आणि तू कुणाकडे पळणार?"

मी म्हटलं, "भाजी वाढू का अजून?"

याच सुमारास लेकीचं कळलं. ती कोल्हापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची पद्धत. मी सातव्या महिन्यात तिला आणणार होते, खोली रंगवून घेतली होती, खाट खिडकीजवळ सरकवली होती. पण तिचा रक्तदाब वाढला, तिथल्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. फोनवर ती आधी रडली आणि मग हसत म्हणाली, "मी माहेरी येऊ शकत नाही तर माहेरालाच इकडे पाठव. तू ये. शेवटचा महिना माझ्याजवळ राहा."

मी म्हटलं, येते. माझी आई माझ्या वेळी दारात बसून होती, तिच्या नुसत्या खोकल्याच्या आवाजाने मला धीर आला होता. मला तेवढंच करायचं होतं. लेकीच्या कळा सुरू झाल्या की दाराबाहेर असायचं.

रजेचं विचारायला गेले. मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, जा की! हे काय विचारणं झालं? आजी होताय! नक्की जा. फक्त तुमच्या जागी कोण, तेवढं ठरवून द्या."

नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. त्यांनी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं. मी पुन्हा एकेकाकडे गेले. मेट्रन बाईंची दहावी अजून चालूच होती. नोटिस पीरियडवाला गेला होता, त्याच्या जागी आलेली मुलगी म्हणाली, ती अजून प्रोबेशनवर आहे. सगळे अगदी मनापासून म्हणायचे, "तुम्ही नक्की जा हं, लेकीची वेळ आहे." आणि कुणीही आपलं नाव देईना. आठवा महिना संपला. लेक रोज विचारायची, "आई, तिकीट काढलंस?" मी म्हणायचे, "ड्रिल झाली की लगेच."

ड्रिल म्हणजे योजनेची रंगीत तालीम. आयसीयू सोडून बाकीची वीज खरोखर बंद करायची आणि सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे वागायचं. त्याआधी घोषणेचं रेकॉर्डिंग हवं होतं, जे संकटाच्या वेळी, वीज नसली तरीही, मजल्या-मजल्यावरच्या स्पीकरमधून आपोआप वाजत राहील. आवाज कुणाचा? ते आता मी सांगायला नको. कॉम्प्युटरवाल्या मुलाने माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. "मॅम, थोडं कूल ठेवा. आय मीन, शांत. जसं काही झालंच नाहीये." शेवटी त्याला हवं तसं जमलं. "घाबरू नका. आपण आहात तिथेच थांबा. समन्वयक आपल्यापर्यंत पोहोचत आहेत." पुन्हा एकदा तेच. मग थोडी शांतता, मग पुन्हा.

घरी मोबाइलवर ऐकवलं तर नवरा म्हणाला, "घरी कधी इतकं गोड बोलली नाहीस."

ड्रिलच्या सकाळी लेकीचा फोन आला. रात्रीपासून कंबर धरली आहे म्हणाली. मी म्हटलं, कोमट पाण्याने शेक, डॉक्टरांना फोन कर, माझं हे आटोपलं की बोलतेच. तिने "बरं" म्हटलं. ते 'बरं' मला आवडलं नाही. दिवसभर टोचत राहील असं होतं ते.

अकराच्या ठोक्याला वायरमनने मेन स्विच बंद करायचा होता. मी त्याला स्वतः बजावलं होतं की कुणाच्याही सांगण्यावरून मागेपुढे करायचं नाही आणि मी स्वतः सांगेपर्यंत परत चालू करायचा नाही. मागे एका सरावाला कुणीतरी मध्येच 'अरे, एसी गेला' म्हणून ओरडलं होतं आणि याने बिचाऱ्याने चालू करून सगळ्याचा विचका केला होता. त्याबद्दल मी त्याला चार लोकांत बोलले होते. तेव्हापासून तो माझा शब्द म्हणजे शब्द धरून चालायचा.

अकराला थोडा वेळ होता. मला चौथ्या मजल्यावरून खाली यायचं होतं. आपत्तीत लिफ्ट वापरू नये, हे माझंच वाक्य. पण अजून आपत्ती कुठे सुरू झाली होती? शिवाय गुडघा. लिफ्टमध्ये एक मावशी एका आजोबांना व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेत होत्या. आजोबांच्या नाकाला नळी, खुर्चीमागे छोटा ऑक्सिजनचा सिलेंडर. मी आत शिरले, दार लागलं, लिफ्ट थोडी खाली आली आणि दिवा गेला.

माझं घड्याळ मागे होतं. एवढंच.

लिफ्ट एक हिसका देऊन थांबली. अशा वेळी लिफ्ट खालच्या मजल्यावर नेऊन सोडणारी एक बॅटरी असते. ती आमच्याकडे होती, पण बिघडली होती आणि तिच्या दुरुस्तीचा पाठपुरावा करणार कोण, तर मी. मी मोबाइलचा टॉर्च लावला. रेंज नव्हती. लिफ्टमधल्या इंटरकॉमचं बटण दाबलं. तो वाजतो माझ्या टेबलावर. माझ्या खोलीला कुलूप होतं.

आणि मग वर कुठेतरी स्पीकर सुरू झाला. "घाबरू नका. आपण आहात तिथेच थांबा. समन्वयक आपल्यापर्यंत पोहोचत आहेत."

मावशी अंधारात म्हणाल्या, "मॅडम, ह्यो आवाज तर तुमचाच हाय की!"

मी खाली वाकून सिलेंडरचा काटा पाहिला. अजून हिरव्या पट्ट्यात होता. आजोबांची नाडी पाहिली. ते शनिवार पेठेतले, हे त्यांनी न विचारता सांगितलं. तिथे त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. श्वास लागत होता, पण बोलणं थांबवण्याइतका नाही.

"आहात तिथेच थांबा म्हणतायत," आजोबा म्हणाले. "नाहीतर आम्ही काय खिडकीतून उडी मारणार होतो?"

"लिफ्टला खिडकी नसते हो," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

घोषणा पुन्हा झाली. तिसऱ्यांदा झाली. मी दारावर थापा मारत होते, हाका मारत होते आणि माझ्याच आवाजाखाली माझा आवाज बुडत होता. बाहेर हालचाल ऐकू येईना. मला चांगलंच माहीत होतं सगळे कुठे असतील. आपापल्या जागी, हाताची घडी घालून, वाट बघत. इतके दिवस मी त्यांना हेच शिकवलं होतं. अशी शिस्त या हॉस्पिटलात मी कधी पाहिली नव्हती.

"या समन्वयक बाई," आजोबा म्हणाले, "नेहमी असाच वेळ लावतात का? मघापासून नुसत्या पोहोचतायत."

"त्या मीच आहे."

आजोबांनी मान वर करून मोबाइलच्या उजेडात माझ्याकडे पाहिलं, गळ्यातलं केशरी कार्ड वाचलं. "बरं," ते म्हणाले. "म्हणजे पोहोचलात."

मावशी फिसकन हसल्या. मला हसू आलं नाही. मला राग आला होता, आणि तो मोठ्या डॉक्टरांचा नव्हता, मेट्रनचा नव्हता, कुणाचाच नव्हता. त्या गोड आवाजाचा होता. इतका शांत आवाज, आणि कुठेही पोहोचत नव्हता. अंगाला दरदरून घाम सुटला. पदराने आजोबांना वारा घालता घालता मला एकदम लेकीचं सकाळचं 'बरं' आठवलं. मोबाइलमध्ये मी पुन्हा पुन्हा रेंज बघत होते, सिलेंडरचा काटा बघत होते, पुन्हा रेंज. एवढ्याशा चौकोनात दुसरं बघायला काही नव्हतं.

मावशींनी शेवटी पदर खोचला, आतल्या दाराच्या फटीत बोटं घातली आणि दोन्ही हातांनी दार थोडं ओढलं. मीही जोर लावला. समोर सिमेंटची भिंत आणि वर, डोक्याच्या उंचीला, वरच्या मजल्याच्या दाराची खालची कड. तिथून उजेडाची एक रेघ येत होती. मी त्या रेघेला तोंड लावल्यासारखं करून ओरडले. पलीकडे बूट आले. सिक्युरिटीवाला.

"मॅडम? तुम्ही आत आहात? आम्ही तुमची वाट बघतोय!"

"खाली जाऊन वायरमनला सांगा, मेन चालू कर. पेशंट आहे आत."

बूट गेले. पुष्कळ वेळाने परत आले. "मॅडम, तो म्हणतोय, समन्वयक मॅडमनी स्वतः सांगितल्याशिवाय करणार नाही. मागे तुम्ही त्याला बोलला होतात म्हणे."

"अहो, मीच सांगतेय ना!"

"मला माहितीय हो. पण त्याला कसं पटवू?"

मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं. मावशींनी मला कमरेला धरून आधार दिला, मी टाचा उंच केल्या आणि ते कार्ड त्या उजेडाच्या रेघेतून बाहेर सरकवलं. ते अगदी सहज गेलं. समन्वयक बाहेर गेल्या. मी आतच राहिले.

थोड्या वेळाने दिवा आला, पंखा फिरला, लिफ्ट काहीच झालं नाही अशा तोऱ्यात खाली उतरली. आजोबांना मी स्वतः कॅज्युअल्टीत नेलं, मोठ्या सिलेंडरला जोडलं, डॉक्टरांच्या ताब्यात दिलं. त्यांचा श्वास ठीक होता. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी जिन्याने पोहोचा."

कॉरिडॉरमध्ये सिक्युरिटीवाल्याने कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मोठे डॉक्टर वर मीटिंगला बोलावतायत, सगळे जमलेत. तेवढ्यात मोबाइलला रेंज आली आणि तो हातात थरथरायला लागला. लेकीचे, जावयाचे, पुन्हा लेकीचे, चुकलेले फोन.

मी जिन्यातच थांबून फोन लावला. लेकीनेच उचलला. पाणी गेलं होतं, तिला दवाखान्यात भरती केलं होतं, दिवस भरायला अजून वेळ होता. मध्येच तिचा श्वास अडकत होता. "आई, फार दुखतंय गं. तू कधी येतेस?"

आणि मी म्हणाले, "घाबरू नकोस. आहेस तिथेच थांब. मी पोहोचतेच आहे."

त्याच सुरात. शांत, गोड, जसं काही झालंच नाहीये.

ती मग हळूच म्हणाली, "आई, तू येणार नाहीयेस ना?"

जिन्याचा कठडा मी किती घट्ट धरला होता, ते नंतर तळहाताला वळ दिसला तेव्हा कळलं. माझ्या पोटची पोर मला ओळखत होती, माझ्या आवाजालाही ओळखत होती. मी म्हटलं, "फोन ठेव बाळा. मी निघाले."

तरी आधी वरच गेले. सवय.

मीटिंगमध्ये चहा आला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "देवाची कृपा, कुणाला काही झालं नाही. आणि बघा, ड्रिलमधून शिकायला मिळतं ते असं. एक मुद्दा वाढवू या." त्यांनी चष्मा चढवला. "समन्वयकांनी कोणत्याही परिस्थितीत लिफ्टचा वापर करू नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेट्रन बाई म्हणाल्या, फारच छान मुद्दा. प्रोबेशनवरची मुलगी टाइप करायला लागली.

मी टेबलापाशी उभीच होते. केशरी पट्टीचं कार्ड मोठ्या डॉक्टरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. म्हटलं, "माझ्या लेकीच्या कळा सुरू झाल्यात. मी कोल्हापूरला चाललेय."

"अरे वा! म्हणजे, अहो, नक्की जा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता. ते वाईट गृहस्थ नव्हते, कधीच नव्हते. त्यांनी कार्ड उचलून उलटसुलट पाहिलं. "पण मग इथे नाव कुणाचं टाकायचं?"

"तात्पुरतं तुमचं टाका," मी म्हटलं. "नंतर बदलू."

खोलीत कुणी बिस्किटही मोडलं नाही. मी जिन्याने खाली उतरले, गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता. बाहेर रिक्षा केली, स्वारगेटला कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती. अंगावर हॉस्पिटलचा ॲप्रन होता, तो गाडीत बसल्यावर काढून पिशवीत कोंबला. नवऱ्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "पळालीस? बरं केलंस."

कात्रज यायच्या आत हॉस्पिटलचा फोन वाजला. एकदा कापला, दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला. मोठे डॉक्टर स्वतः होते. "अहो, एकच विचारायचं होतं. ती घोषणा बंद कशी करायची? मघापासून चालूच आहे. नातेवाईक येऊन भांडतायत."

त्यांच्या मागे मी बोलत होते. घाबरू नका. आपण आहात तिथेच थांबा.

"रिसेप्शनच्या मागे," मी सांगितलं, "पडद्याआड लाल बटण आहे. ते दाबून धरा. कुणीही दाबलं तरी चालतं."

"थांबा हं, लिहून घेतो. रिसेप्शनच्या मागे. आणि त्यानंतर पुढचं..."

गाडी बोगद्यात शिरली. माझा आवाज तुटक झाला, त्यांचा तुटक झाला आणि रेंज गेली. खिडकीच्या काचेत अंधार आला. सकाळपासून दुसऱ्यांदा मी चौकोनात कोंडले गेले होते, मेलेला फोन हातात धरून. पण हा चौकोन चालत होता. मी पुढच्या सीटचा दांडा धरून उजेडाची वाट बघत बसले.

उजेड आला तसा फोन वाजला. लेक होती. मागे कुणीतरी तिला श्वास सोडायला सांगत होतं.

"आई, कुठे आहेस?"

पोहोचतेच आहे, असं ओठावर आलं होतं. मी ते गिळलं.

"बोगदा ओलांडला," मी म्हटलं.